काझीरंगाचा शिकारी

मी आजवर तीन गेंड्यांची शिंगं खाल्ली आहेत. तिन्ही एकाच सकाळी, दोह्यात, गाडी चालवताना.

ही गोष्ट आम्ही अल अझीझियाच्या फ्लॅटमध्ये राहायचो तेव्हाची. आमची रेवा पाचवीत होती. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला काझीरंगाच्या राष्ट्रीय उद्यानाचं मॉडेल करायचं होतं. तिथं हत्ती आणि गेंडे कसे जपतात, ते दाखवायचं. पहिल्यांदाच तिला एकटीला मॉडेल मिळालं होतं आणि तिनं अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं, "माय डॅड इज ॲन आर्टिस्ट!" (डॅड गॅस प्लँटमध्ये व्हॉल्व्ह तपासायचे.)

पण मी पेणचा! लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या गणपतीच्या कारखान्यात गेलेल्या. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी मैदा आणि मीठ भिजवलं, बाह्या सरसावल्या आणि पहिला हत्ती वळला.

"बाबा, व्हाय इज ही सिटिंग?"

"दमलाय. आसामात केवढं चालावं लागतं!"

"अँड व्हॉट्स दॅट इन हिज हँड?"

मी बघितलं. मोदक होता. माझ्या नकळत हातानं सवयीनं देऊन टाकला होता. "गवताचा गोळा आहे," मी म्हटलं आणि दुसरा हत्ती घेतला. तोही मांडी घालून बसला. चारही बसले! सोंडा डावीकडे, पोटं सुटलेली. गेंडे मात्र झकास झाले, कारण गेंड्याची मला काहीच सवय नव्हती. शिंगांना माझी बायको शुभदानं बरणीतल्या तीन लवंगा काढून दिल्या. एका गेंड्याला एक. सगळा कळप बाल्कनीत ठेवला. दोह्याच्या उन्हात तासाभरात खडखडीत वाळला.

मी हात धुऊन येतो तो काय! आमच्याकडे राहायला आलेली आई बाल्कनीत हात जोडून उभी. चारही हत्तींना हळदकुंकू, डोक्यावर अक्षता, समोर गूळखोबरं.

"आई, अगं हे हत्ती आहेत!"

"मोदक कुणी दिला?"

मी दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"उद्या शाळेत न्यायचेत गं. रेवाचं प्रदर्शन आहे."

"पूजा झालीये त्यांची. पोरांच्या धक्काबुक्कीत ठेवणार? सोंड मोडली म्हणजे? ते काही नाही. संध्याकाळी आरती आणि विसर्जन!"

रेवा रडायला लागली. मी आईला समजावलं, विनवलं, राष्ट्रीय संपत्ती वगैरे म्हणून पाहिलं. आई ढिम्म. संध्याकाळी आम्ही टाळ्या वाजवत आरती म्हटली, हातावर दही घेतलं आणि काझीरंगातले झाडून सगळे हत्ती निळ्या बादलीत विरघळले. मिठामैद्याचेच ते, दोन मिनिटांत खलास!

"नवे करतो!" मी रेवाचे डोळे पुसत म्हटलं आणि पुन्हा मैदा भिजवला. अगदी दात आवळून, मनाशी 'चार पाय, चार पाय' घोकत हत्ती केला. बसला! आईनं लगेच कुंकवाचा करंडा उचलला. शुभदानं माझ्या हातातलं पातेलंच हिसकावून घेतलं.

"अहो, पुरे! आहेत तेवढे गेंडे नीट पोचवा. तुमच्या पाया पडते."

त्यात दात आवळून आवळून माझी दाढ ठणकायला लागलेली. शनिवारी सकाळी रेवा मागच्या सीटवर, मॉडेल माझ्या शेजारच्या सीटवर. शाळा अल दुहैलला, म्हणजे वाटेत सिग्नलच सिग्नल. पहिल्या सिग्नलला अशी कळ आली की डोळ्यांसमोर तारे चमकले. आणि शेजारीच लवंग! दाढदुखीला लवंग, हे आमच्या घरात लहानपणापासून हाताला माहीत. (माझ्या हातांचं आणि माझं एकूणच पटत नाही.) दुसऱ्या सिग्नलला पुन्हा कळ. तिसऱ्यालाही.

शाळेच्या फाटकाशी रेवानं मॉडेल उचललं आणि ती किंचाळली, "बाबा! व्हेअर आर द हॉर्न्स?"

माझ्या तोंडात लवंग होती.

परीक्षक बाईंनी मॉडेल पाहिलं. हिरवंगार गवत, त्यावर हत्तींच्या चार रिकाम्या जागा आणि तीन बोडके गेंडे. "एलिफंट्स कहाँ गए?" त्यांनी हिंदी-इंग्रजीत विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेवानं मात्र डोळे पुसले, मान ताठ केली आणि खरं तेच सांगितलं. "माय ग्रँडमदर ड्राउन्ड देम. अँड माय फादर एट द हॉर्न्स."

बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची आणून द्यावी लागली. 'वन्य प्राण्यांना माणसांपासून धोका' या विषयात रेवाला पहिलं बक्षीस मिळालं!

त्या वेळचा फोटो हॉलमध्ये लावला. मधोमध रेवा, हातात उजाड काझीरंगा आणि कडेला गाल सुजलेला मी. रेवा घरातही इंग्रजीच बोलायची. मराठी लिहायचं म्हटलं की तिच्या पोटात दुखायचं. पण त्या फोटोवर तिनं आपण होऊन माझ्याकडे बाण काढला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'शिकारी'.

"अगं, हे एवढंच मराठीत का?" मी विचारलं.

"सो दॅट आजी कॅन रीड इट!"

आजीनं चष्मा लावून वाचलं, मान डोलावली आणि लवंगांची बरणी माझा हात पोचणार नाही अशा फळीवर नेऊन ठेवली.