चंडोल गेला म्हणून

माणसाचा अंत पाहणाऱ्या दोनच गोष्टी आमच्या वाशीम जिल्ह्यात आहेत. एक वैशाखातलं ऊन आणि दुसरे माझे साडभाऊ. त्यातल्या उन्हापासून निदान सावलीत तरी पळता येतं. साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, सावलीतूनही हात धरून बाहेर काढतात. किन्हीराजाजवळ त्यांचा भाजीचा मळा आहे. वांगी, टमाटे, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, सगळं पिकतं. पण पाखरं भ्यायला नकोत म्हणून मळ्यात बुजगावणं नाही. बुलबुल टमाट्यांना भोकं पाडतात आणि हे बांधावर बसून कान टवकारून कौतुकानं म्हणतात, “खाऊन झाल्यावर आवाज कसा मोकळा होते, पाहा!” ताई भोकं पडलेल्या टमाट्यांची टोपली माझ्यापुढे आपटतात. “भाऊजी, तुमीच सांगा यायले. बाजारात बुलबुलाचा आवाज कोन्ही इकत घेत नाही.” मी ताईंच्या बाजूनं मान हलवतो, कारण जेवण त्यांच्या हातचं असतं.

डोळ्यानं पाखरू पाहणारा माणूस कच्चा, असं यांचं ठाम मत. जावयानं हौसेनं आणून दिलेली दुर्बीण त्यांनी ताईंच्या हवाली केली. ताई तिच्यातून गल्लीच्या टोकाच्या नळाला पाणी आलं का ते बघतात. हे स्वतः डोळे मिटून, कानामागे हात धरून बसतात आणि दर उन्हाळी सुट्टीत मला शेजारी बसवतात. मी पेशानं मास्तर. वर्षभर पोरांच्या परीक्षा घ्यायच्या आणि सुट्टीत यांना द्यायची, हे माझं नशीब.

यंदा मात्र प्रकरण गंभीर होतं. गेले दोन उन्हाळे माळावरचा चंडोल बोललाच नव्हता. लहानपणी गुरं चारताना वडिलांनी त्यांना ओळखायला शिकवलेलं पहिलं पाखरू ते. त्याच्या गप्प बसण्याचा दोष त्यांनी फवारण्यांना दिला, नव्या रस्त्याला दिला, मोबाईलच्या टॉवरला दिला आणि शेवटी मला दिला, कारण मागच्या साली मी ऐन वेळी शिंकलो होतो. “आज आखरी,” पहाटे फटफटीला किक मारत ते म्हणाले. “आज नाही बोलला तं समजा गेला. मंग मी बी नाही येत माळावर. कायले यायचं?”

निघताना माझा पांढरा सदरा उतरवून आपला मातकट सदरा चढवायला लावला. त्यात माझ्यासारखे दोघं मावले असते. किल्ल्या वाजतात म्हणून काढून घेतल्या, आणि ताईंनी दिलेली चिवड्याची पुडीसुद्धा. “तुमी चावता तं काही आयकू येत नाही, गुर्जी.” उपाशीपोटी मी तलावावर पोचलो. पाणी पार मधोमध गेलेलं, काठचा गाळ तडकलेला, आणि आमच्या डोक्यावर एक टिटवी शिव्याशाप देत फिरत होती.

“कोन बोललं?” डोळे मिटून प्रश्न.

“टिटवी.”

“थे तं बहिऱ्याले बी आयकू येते. बारीक आवाज सांगा.”

तलाव झाला, मग नाल्याकाठच्या बाभळी, मग पळसाचं रान. सगळीकडे तेच. मी ऐकायचं, तोंडानं चिर्रचिर्र करून दाखवायचं, आणि त्यांनी “शिंजीर” किंवा “वटवट्या” असं नाव सांगून वर माझ्या चिर्रचिर्रला नावं ठेवायची. ‘बारीक सांगा, बारीक’चा धोशा चालूच होता. पेपर अवघड करत नेण्याची ही मास्तरकी मला चांगलीच ठाऊक असल्यामुळे माझा संताप वाढत होता.

माळावर पोचलो तेव्हा दगड तापले होते. आम्ही बसलो. माझं डोकं तडकत होतं आणि भांडणाची पहिली ओळ मी मनात जुळवत होतो. एवढ्यात समोरच्या वाळल्या गवतातून एक मातकट पाखरू उठलं आणि गात गात सरळ वर चढत गेलं. माझ्यासारख्या नापास माणसालाही कळावं इतकं स्वच्छ. मी आनंदानं साडभावांकडे पाहिलं. ते तसेच बसले होते, डोळे मिटून, कानामागे हात धरून. बऱ्याच वेळानं हात खाली आला.

“पाह्यलं? गेला आपला चंडोल.”

भांडणाची पहिली ओळ मी विसरलो. “भाऊ,” मी म्हणालो, “वर बघा.”

त्यांनी डोळे उघडले. आभाळात तो ठिपका थरथरत होता. ते बघत राहिले. “बोलून राह्यला?”

“हो. मघापासून.”

मला वाटलं, आता हा माणूस खचणार. पण त्यांच्या तोंडावर हसू पसरत गेलं. “म्हंजे थो नाही गेला,” ते म्हणाले. “माहा कान गेला. मंग काही हरकत नाही.” त्यांनी पुन्हा डोळे मिटले. “सांगा, कसा बोलून राह्यला?”

“गोड.”

“गोड तं पेढा बी राह्यते. नीट सांगा.”

वर्गात निबंध शिकवणारा मी, मला शब्द सापडेनात. घंटी म्हणून पाहिलं, वाहतं पाणी म्हणून पाहिलं, दोन्ही नापास. शेवटी वैतागून म्हणालो, “अहो, मधेच टिटवीची नक्कल करतोय, मग बुलबुलाची, मग परत आपलं स्वतःचं!”

“हाच थो!” ते मांडीवर थाप मारून म्हणाले. “माह्या बापानं दाखवलेला. सांगत राहा.”

मी सांगत राहिलो. घसा कोरडा पडला, पण पाखरू गवतात उतरेपर्यंत सांगत राहिलो. मग त्यांनी खिशातून माझी चिवड्याची पुडी काढून पुढे केली.

“घ्या आता. वाजलं तरी चालते. मले कुठं आयकू येते!”

पुडी मी घेतली, सोडलीही. भूक तर सपाटून लागली होती, पण त्यांच्या शेजारी बसून तो चिवडा मला काही केल्या वाजवून खाववेना.