खालच्या डिव्हिजनमधला क्लब

अ‍ॅशबर्न शहरातल्या आमच्या ऑफिसात साफसफाई करणारे एक म्हातारे अर्जेंटिनी गृहस्थ होते. लादी पुसता पुसता ते आपल्या फुटबॉल क्लबचा इतिहास सांगायचे. रेल्वे कामगारांनी काढलेला क्लब, मालक सभासदच!

सफाई कामगारांची युनियन व्हावी की नाही, यावरचं मतदान आम्ही युनियनवाले हरलो, त्या दुपारी मी प्रचाराची उरलेली पत्रकं कचऱ्यात टाकत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"हरत हरत आमचा क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला, तेव्हा मी काय केलं, सांग पोरी?"

"रडलात?"

"भरपूर. दुसऱ्या दिवशी जाऊन मुलीला सभासद केलं."

हरल्यावर काय करायचं, हे माझ्या एकाही पत्रकात छापलेलं नव्हतं.

पत्रकं झटकून त्यांनी कोरड्या बादलीत ठेवली. "तिसऱ्या मजल्यावर झाडणाऱ्या बायकांनी आपल्याला मत दिलं नाही. चल, आधी तिकडेच जाऊ."