आतली ओढ कोणाला दिसते

आमच्या शिक्षणसंस्थेचे सचिवसाहेब पहिल्या रांगेतून मागे वळून मला म्हणाले, "सर, खरं सांगा ना. राखीव जागा निघाली म्हणून आलात. तुमच्या लोकांना आतून कधी काही वाटतं का? बाहेरून ढकलावं लागतं."

सगळा हॉल हसला.

मीही हसलो.

शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. सदर भागातल्या आमच्या शाळेच्या हॉलमध्ये. विषय होता मुलांची आंतरिक प्रेरणा. पाहुणे प्रशिक्षक मऊ आवाजात बोलत होते. तुम्ही शिक्षक का झालात, मनापासून सांगा, म्हणाले. मी मूर्खासारखं मनापासून सांगितलं. माझे वडील लोकांच्या घरच्या नव्या फरश्या घासून पॉलिश करत. उरलेले संगमरवराचे तुकडे घरी आणत. एकदा मी एका तुकड्यावर लिंबू पिळलं. फेस आला. दगडाला फेस कसा येतो, या एका प्रश्नापायी मी विज्ञानाला लागलो. त्यावर सचिवसाहेबांचं ते वाक्य आलं. प्रशिक्षक नुसते गोड हसले आणि पुढच्या शिक्षकाकडे वळले.

माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला. ताठ मानेनं जगायचं, हे मी त्यांच्या मांडीवर ऐकलं. आणि पन्नाशीला टेकलेला मी सचिवसाहेबांच्या विनोदावर दात काढून बसलो होतो.

त्या दिवसापासून मला या शब्दाचा संशय येऊ लागला. प्रेरणा. आतून. हेतू. हे शब्द नेमके कोण बोलतं, कुठे बसून बोलतं, आणि त्यानंतर काय काढून घेतलं जातं, ते मी पाहू लागलो. फार वाट पाहावी लागली नाही. माझ्या ताब्यातली प्रयोगशाळा पुढे सगळ्यांसाठी नाही, असं संस्थेनं ठरवलं. ज्या मुलांना आतून ओढ आहे, त्यांचाच एक गट होणार. बाकीच्यांनी फळ्यावरच्या आकृत्या पाहायच्या. ओढ ओळखायची कशी? तर न विचारता कोण हात वर करतं, ते शिक्षकांनी पाहायचं.

संशय येत होता, तरी मी काम केलं. हेच माझं दुखणं आहे. वर्गात जायचो आणि हात बघायचो. बेसाकडच्या बंगल्यांतून गाडीनं येणारी मुलं प्रश्न संपायच्या आत हात वर करत. त्यांना घरून सांगून ठेवलं असावं. मी ते ओळखलं, आणि तरी त्यांनाच निवडलं.

आठवीत एक मुलगी होती. कोराडीहून, वीजकेंद्राच्या बाजूनं, बसनं यायची. बाप कोळशाच्या ट्रकवर. मागच्या बाकावर बसायची, पहिल्या तासाला डुलक्या घ्यायची. तिचा हात मला कधी दिसला नाही. गट जाहीर झाला त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेच्या दाराशी आली.

"सर, मले काहून नाही घेतलं?"

मी म्हणालो, "तुला आतून काही वाटत नाही, बाळा. तुला ढकलावं लागतं."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग ते मला ऐकू आलं. शब्द सचिवसाहेबांचे होते. वर 'बाळा' तेवढं माझं.

ती रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर मी डोक्यावर हात ठेवून मोकळा झालो असतो. तिनं मलाच विचारलं,

"आतलं तुमाले हातावरून कसं दिसते, सर? मी पैले हात वर करत होती. तुमी पुढच्या बाकाकडंच पाहून राहायचे. मंग काहून करू?"

मी विचारलं, तुला काय विचारायचं होतं? माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ती तपासत होती. तिचं बरोबर होतं. मग म्हणाली, त्यांच्याकडे पाण्याच्या टाक्यात वीजकेंद्राची राख पडते, थोडी बुडते आणि थोडी वर तरंगत राहते. राख एकच, मग असं का?

मला उत्तर येत नव्हतं. तेही मी तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या बैठकीत मी उभा राहिलो. म्हणालो, "मी दिलेली नावं परत घेतो. कोणत्या मुलाला ओढ आहे हे मला दिसत नाही. तुम्हालाही दिसत नाही. प्रयोगशाळा सगळ्यांना उघडा."

सचिवसाहेब म्हणाले, "सरांची प्रेरणा संपली वाटते."

पुन्हा हॉल हसला. मी हसलो नाही.

प्रयोगशाळेचा ताबा माझ्याकडून काढून घेतला. गट चालू आहे. मी आता व्हरांड्यात शिकवतो, बादली आणि काचेचे ग्लास घेऊन. कोणीही या. ती मुलगी येते. कधी येत नाही. मी विचारत नाही. तिनं मला माफ केलं असं समजायला मला काही जागा नाही, आणि ते मी मागणारही नाही. माझा माझ्यावरही पुरता भरवसा नाही. ते वाक्य एकदा माझ्या तोंडून निघालं आहे, पुन्हा निघू शकतं.

म्हणून एवढं ठरवलं आहे. कोणतं मूल आतून रिकामं आहे, हे यापुढे मी कोणालाही सांगणार नाही. आणि माझ्यासमोर कोणी सांगू लागलं, तर ते पोर त्याच्याकडे काय मागायला आलं होतं आणि त्यानं ते का दिलं नाही, हे मी त्याला सगळ्यांदेखत विचारीन. उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही.