आप्पांचा पाय आणि न सांगितलेला आकडा

माझ्या वडिलांना, आप्पांना, जाऊन वर्ष झाले. सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी आयुष्यभर इतरांनी लिहिलेलेच सांभाळत आले. स्वतः लिहिण्याचे धाडस या वयात प्रथमच करते आहे. कारण एवढेच, की ते असताना एकदा मी बोलायला हवे होते आणि बोलले नाही.

आमचे घर मैंदर्गीच्या बाजूचे, मेंढपाळाचे. संध्याकाळी जाळीच्या कुंपणात, वाघरीत, मेंढरे शिरू लागली की आप्पा तोंडाशी उभे राहून एकेकीचा चेहरा पाहत. एखादी मागे राहिली असेल तर ती कोणती, हे त्यांना तत्काळ कळे. एकूण किती, हे मात्र कोणी उच्चारत नसे. मोजलेले घटते, अशी घरची समजूत. लहानपणी मी एकदा बोट नाचवत मोजू लागले, तेव्हा ते रागावले नाहीत. माझे बोट हळूच मिटवून त्यांनी ते आपल्या मुठीत धरले. त्या मुठीला लोकरीचा ओशट वास होता. ती एक संध्याकाळ परत मिळावी, असे आता फार वाटते.

अक्कलकोट रस्त्यावर कळप पलीकडे नेताना एका टेम्पोने आप्पांना उडवले. पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेनासा झाला. दावा दाखल करताना आमच्या वकीलसाहेबांनी मला समजावून सांगितले, की भरपाई नुसत्या जखमेवर ठरत नाही. जखमीचे वय, उपचारांची बिले, अपघातात त्याची स्वतःची चूक किती, हे सारे विचारात घेतले जाते. अपंगत्व डॉक्टर टक्क्यांत लिहून देतात. परंतु त्यामुळे कमाई किती बुडाली, हे ज्याच्या त्याच्या कामावर अवलंबून.

"तुमचा पाय असा झाला तर तुम्ही खुर्चीत बसून नोकरी कराल," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांचा पाय हाच त्यांचा धंदा. पण धंदा केवढा होता, ते सिद्ध करावं लागेल."

सिद्ध करायला कागद नव्हता. मेंढरांचे व्यवहार तोंडी होत, आणि लस टोचायला येणाऱ्या डॉक्टरांनाही आप्पा आकडा कमीच सांगत. योग्य भरपाई मिळाली तर गडी ठेवून कळप राखता येणार होता. अन्यथा तो विकावा लागणार होता. उरली ती साक्ष, आप्पांची आणि माझी. भरल्या कोर्टात उभे राहण्याची कल्पना मला सोसेना. मी वकिलांना म्हटले, माझी साक्ष नको, आप्पांनाच खरा आकडा सांगायला तयार करते. मग एकदा चहा घेताना, अडखळत, मी तो विषय काढला. आप्पांनी मान हलवली. तो होकार आहे, असे मी सोयीने धरून चालले.

कोर्टात विमा कंपनीच्या वकिलांनी विचारले, मेंढरे किती?

"हायती की, धा-पंधरा."

कळप शंभराच्या वर होता. आमच्या वकिलांनी परवानगी घेऊन पुन्हा विचारले. नीट आठवून सांगा म्हणाले. आप्पा ओशाळून हसले.

"देवाचं हाय, सायेब. आमी नुसतं राखनारं."

वकीलसाहेबांनी वळून माझ्याकडे पाहिले. मला साक्षीला उभे करण्याची संधी अजून गेली नव्हती. मी पर्समध्ये रुमाल शोधत राहिले.

घरी आईने सगळे ऐकून घेतले आणि आप्पांना विचारले, "जज्जाची बी दिष्ट लागती व्हय मेंढरांस्नी?" जज्ज चांगला होता, पण तो इम्याचा वकील लई बारीक नजरेचा, असे त्यांनी गंभीरपणे सांगितल्यावर तिला हसू आले. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, ती म्हणाली,

"तुझा बा अडाणी हाय. तू तर शिकलीस की."

निकालात आप्पांचे उत्पन्न साध्या मजुराइतके धरले गेले. रस्त्यावर कळप आणण्यात त्यांचीही काही चूक मानून त्यातून कपात झाली. मिळाले ते दवाखान्याच्या खर्चात गेले. कळप सीमेपलीकडच्या एका मेंढपाळाने घेतला. दर आईने ठरवला. आप्पा त्या माणसाशी कन्नडमध्ये बोलत राहिले, कोणती काट्यात शिरते, कोणती आपल्या कोकराला पाजत नाही.

पुढे दोघे माझ्याकडे सोलापुरात राहायला आले. सुटीच्या दिवशी मी आप्पांना रिक्षाने शहराबाहेर नेत असे. एखादा कळप दिसला की ते काठी टेकत उतरत आणि अनोळखी मेंढपाळाला विचारत, "आज कुटं बसवनार?" खतासाठी मेंढरे रात्री कोणाच्या शेतात बसवणार, एवढेच त्यांना हवे असे. उत्तर ऐकून ते पाण्याची जागा सांगत. कळप हलला की दहा-बारा पावले त्याच्यामागे जात, ताठ पाय बाजूने ओढत. मीही मागोमाग जाई.

एकदा ते तसेच थांबले. मेंढरे वळणाआड गेली होती. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "तू हो म्होरं, पोरी. म्या येतो हळूहळू."

पुढे कुठे जायचे, हे मला कळले नाही. रिक्षा मागे उभी होती.