कणकेतलं तेल

पोळ्या आटोपून यमू पखवाजाला टेकते, नि डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघराची भिंत हळूच मागे सरकते. संध्याकाळी देवळात भजन आहे. वडील, अण्णा, चैत्रात गेले, आज पखवाजावर त्यांच्या जागी ती बसणार. पण भजन चालवणाऱ्या बाजीबुवांनी बजावलंय, आवाज जमला नाही तर शेजारच्या गावचा वादक आणीन. आणि पखवाजाचं मोठं तोंड मेलं कणीक थापूनही सकाळपासून नुसतं टणटण करतंय.

ओट्यापाशी अण्णा बसलेत. गेले म्हणून काय झालं, टोपी तीच, तिरकी.

"वाजव," ते म्हणतात.

ती थाप मारते. मोठ्या तोंडावरची कणीक निसटते आणि थेट अण्णांच्या टोपीवर जाऊन बसते. अण्णा ती चाखून बघतात.

"तेल? मीठसुद्धा? पोळ्यांचीच लावलीस होय गं?"

"मळलेली होती. म्हटलं, कशाला पुन्हा हात भरवा."

"धन्य आहेस."

आता दोघं एसटीत, मागच्या सीटवर. पखवाज मांडीवर.

"लहान तोंडावर बोट ठेव." तिच्या बोटाला मुंग्या येतात. "कातडं ताणलेलं, म्हणून भराभर थरथरतं. आवाज बारीक. आता ही गाडी बघ, उभ्या उभ्या कशी हलतेय. मोठं तोंड असं सावकाश हललं पाहिजे, तरच आवाज खाली उतरतो. ओल्या कणकेचं वजन त्याला दमानं हलायला लावतं. तेलाची कणीक कातड्याला धरतच नाही, मग ते उधळणारच."

"अण्णा, तुम्ही नाही तर मला भीती वाटते."

"मलाही वाटायची. टोपी तिरकी उगाच घालत होतो का? लोक टोपीकडे बघायचे."

एसटी देवळात थांबते. सगळे यमूकडे बघतायत. अण्णा नेहमीसारखाच कणकेच्या बोटांनी तिचा कान पिळतात. "पाणी. नुसतं पाणी."

ती जागी होते. कान खाजतो. कानाच्या पाळीवर वाळलेली कणीक आहे. ती जिभेवर ठेवून बघते. तेल नाही, मीठ नाही.

यमू उठून पाण्यात पीठ भिजवते, मोठ्या तोंडावर थापते आणि हात मारते. फळीवरची ताटं घुमतात. आई परसातून धावत येते, आधी पखवाजाकडे, मग पोरीच्या कानाकडे बघते.

"आले होते?"

यमू मान डोलावते.

"आणि मला न भेटता गेले," आई म्हणते नि रागारागाने डोळे पुसते. यमू कान पुसायला जाते, तर आई तिचा हात धरते. "राहू दे. बाजीबुवांना बघू दे."