मोहन हळू का चालायचा

"भाऊजी, लवकर या हो... हे उठतच नाहीयेत." दीड महिन्यापूर्वी सकाळी वहिनींचा फोन आला, तेव्हा मी फिरायला जायचे बूटच घालत होतो. सिल्वासाच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या दोन घरांत फक्त एक जिना. धावत गेलो, पण मोहन तोवर गेला होता.

मोहन परब कणकवलीचा, गणिताचा मास्तर, मी मराठीचा. एकाच शाळेत जन्म गेला आमचा. माणूस तोंडाने फटकळ, पण मुलांवर भारी जीव. नऊ वर्षांपूर्वी वापीला त्याची अँजिओप्लास्टी झाली. दुसऱ्या दिवशी रक्तात ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बोलावून समजावलं, "ब्लॉकेज उघडताना हृदयाच्या स्नायूला थोडी इजा झालीये. पुढची वर्षं जपायला हवं. त्यांना नीट सांगा."

आम्ही सांगितलं नाही. शाळेत नापासाचा निकाल आधी पालकांच्या कानावर घालायचा, पोराला मागाहून, ही आमची जुनी रीत. रिपोर्टचा तो कागद माझ्या कपाटात गेला, आणि ते 'मागाहून' काही उजाडलं नाही.

मोहन चालायचा म्हणजे सुटायचाच. दमणगंगेच्या काठाने तो असा निघाला की मला कपाटातला तो कागद आठवायचा. शेवटी एकदा थाप मारली, "अरे, गुडघे गेले माझे. जरा हळू." "चालो काका, धीरे धीरे!" म्हणून माझी यथेच्छ टर उडवली त्याने... पण त्या दिवसापासून पाय आवरले. माझी पिशवीसुद्धा तोच घ्यायचा. मी मनात म्हणायचो, वाचवतोय मी याला.

तेराव्यानंतर राहवेना, म्हणून डॉक्टरांना गाठलं आणि सगळं ओकून टाकलं. "तुम्ही सांगितलंच नाहीत?" ते म्हणाले, "मी तर दर खेपेला सांगायचो, झपाझप चाला, हृदयाला बरं. ते म्हणायचे, जोडीदाराचे गुडघे दुखतात हो, त्याला मागे टाकून कसा जाऊ?" तसा चालला असता तर फरक पडला असता का, मी विचारलं. "खात्रीने कोणीच सांगणार नाही," ते म्हणाले.

मला माझाच संताप येतो. हृदय त्याचं, बातमी त्याची; ती दडवणारा मी कोण लागून गेलो?

परवा वहिनींनी एक खोकं हातात ठेवलं. "तुमच्यासाठी मागवलं होतं यांनी. द्यायचं राहिलं." आत गुडघ्यांचे पट्टे होते. ठणठणीत गुडघ्यांवर ते चढवून मी रोज सकाळी निघतो. शेजारी कोणी नसतं... तरी हळूच चालतो.