दोन चिंचोके आणि दुपारची खेप

मुरबाडच्या पुढे, वैशाखऱ्याच्या अलीकडे माझं सासर. उन्हाळ्यात विहीर आटली की नदीच्या वाळूत खड्डा खणायचा आणि झिरपेल ते पाणी वाटीने हंड्यात भरायचं. सकाळच्या खेपांना आम्ही तिघी जावा मिळून जात असू. दुपारची खेप मात्र एकटीची. भाकऱ्या, भांडी, गोठा उरकून अंग टेकायला जी घटकाभर सवड मिळे, ती नेमकी या खेपेत जाई. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमाराची ही गोष्ट.

आधी पाळी लावून पाहिली होती. ती टिकली नाही. कोणी बाहेर बसलेली, कोणी माहेरी गेलेली, आणि परत आली की "माझी पाळी झाली ना परवा" म्हणणारी. शेवटी सासूबाई वैतागल्या. पावसाळ्यात खेळायचे, दगडावर घासून एका बाजूने पांढरे केलेले दोन चिंचोके त्यांनी फडताळातून काढले.

"रोज टाकायचं. दोन्ही पांढरे, थोरली. दोन्ही काळे, मधली. एक पांढरा एक काळा, धाकटी. आता तंटा नाय."

त्यात वावगं कोणालाच दिसलं नाही, मलाही नाही. तीन तऱ्हा, तीन सुना.

धाकटी मी. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. खेप माझ्यावर पडली की परत येईपर्यंत ती रडून रडून निजलेली असे, आणि उन्हातून आल्यावर मला दूधही धड येत नसे. तिची मनगटं बारीक दिसायला लागली होती. माहेरी किन्हवलीच्या शाळेत चार इयत्ता काढल्यामुळे मला खुणा मांडून ठेवायची सवय. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढत गेले. महिन्याने पाहिलं, तर त्या दोघींच्या मिळून जेवढ्या, जवळपास तेवढ्या माझ्या एकटीच्या.

"नशीब गो तुझं," थोरली म्हणाली. "नदीला तूच आवडतेस."

"बारीक हाय ना ती," मधली म्हणाली. "खड्ड्यात बरोबर मावते."

मीही नशीब म्हणून सोडून दिलं असतं, इतकी दमले होते. पण एका चिंचोक्याच्या कडेचा टवका उडालेला होता. एके दिवशी खेप माझ्यावर आली तेव्हा टवक्याचा पांढरा पडला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा मीच, आणि टवक्याचा काळा. हंडा डोक्यावर घेता घेता थांबले. आम्ही जिला एक तऱ्हा म्हणत होतो, त्या दोन होत्या.

संध्याकाळी आणखी चिंचोके घासून घेतले, टवक्याच्या चिंचोक्याची खूण म्हणून प्रत्येक जोडीतल्या एकाला कुंकू लावलं आणि सासूबाईंच्या पुढ्यात चार जोड्या मांडल्या.

"ही थोरल्या वयनींची. ही मधल्या वयनींची. आन या दोन्ही माझ्या."

"दोन कशा?" मधली म्हणाली. "एक पांढरा एक काळा. एकच की."

"तुमी चुलीशी नि थोरल्या वयनी गोठ्यात, आन त्या चुलीशी नि तुमी गोठ्यात, हे एकच का?"

थोरली हसली. "ही चुलीशी असली का भात करपतो. एकच कसं असंल?"

सासूबाईंनी कुंकवाच्या पांढऱ्याची जोडी माझ्याकडे सरकवली आणि उरलेलीवर बोट ठेवलं.

"मंग ही कोणाची?"



"माझी," त्याच म्हणाल्या.

हिशेब सुटला, असं मला वाटलं. मग त्यांची जोडी पडली. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, हंड्याकडे गेल्या, आणि दोन्ही जावांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारी सासू उन्हात निघालेली असताना धाकटी सून बसून कशी राहणार? मी उठले. पुढच्या वेळीही तेच. चारांतल्या दोन पुन्हा माझ्याकडेच आल्या होत्या.

तिसऱ्यांदा त्यांची जोडी पडली तेव्हा मुलगी मांडीवर चुळबुळत होती. मी उठले नाही.

"ही जोडी कोणाचीच नाय," मी म्हणाले. "परत टाका."

"पडलेलं परत टाकतात व्हय?" मधली फणकारली.

"चौघींच्या चार तऱ्हा झाल्या, पण जाणाऱ्या तिघीच. चौथी पडली का परत टाकायचं. मंग तिघींना सारखं."

सासूबाईंनी मुलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. चिंचोके गोळा केले आणि टाकले. दोन्ही काळे.

"शाळंत गेलेली जाव वैऱ्याला पण नको गो बाय," म्हणत मधलीने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि हंडा उचलला.

मी मुलीला जवळ घेऊन तिथेच, चुलीजवळच्या गारशा भुईवर आडवी झाले. तिचं पिऊन कधी झालं, मला कळलं नाही.